पायाखालची भेग



आरोग्यविषयक सदरात घराच्या जमिनीच्या दुरुस्तीचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटेल. परंतु विचार करून पाहा, ज्या पृष्ठभागाशी आपल्या शरीराचा दिवसभरात सर्वाधिक संबंध येतो तो घराच्या जमिनीचाच असतो. आपण घरात अनवाणी वावरतो, मांडी घालून खाली बसतो, ज्येष्ठ मंडळी पहाटेच्या अंधारात तिच्यावरूनच चाचपडत न्हाणीघरापर्यंत जातात आणि रांगती मुले तिच्यावर जे सापडेल ते उचलून तोंडात घालतात. जमिनीचे आरोग्य आणि घरातील माणसांचे आरोग्य यांचा संबंध वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

निमित्त आहे एका वाचक भगिनींच्या पत्राचे. त्यांच्या सदनिकेतील दोन शयनगृहांत काही वर्षांपूर्वी जुन्या लादीवर लॅमिनेटची लाकडी जमीन बसवण्यात आली. आता तिला ठिकठिकाणी भेगा पडल्या आहेत आणि कडांचे टवके उडाले आहेत. सुतार काही फळ्या बदलायला सांगतो, तर यजमानांचे म्हणणे असे की बाजारातून वुड फिलरची डबी आणून रविवारी दोन तासांत काम संपवता येईल. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत आणि नऊ महिन्यांचा नातू रांगू लागला आहे. ‘फिलर भरणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य आहे का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर थोडक्यात असे की भेग लहान, कोरडी आणि न हलणारी असेल तर फिलर जरूर भरावे. भेग ओलसर असेल किंवा पावलाखाली हलत असेल तर मात्र ती भरू नये. आम्हा डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच शिकवतात की आत पू असलेली जखम वरून शिवायची नसते. त्वचा जुळलेली दिसते, पण आत रोग वाढत राहतो. जमिनीलाही हाच न्याय लागू पडतो.

ही जमीन असते तरी कशाची?

लॅमिनेट हे अखंड लाकूड नव्हे. १९७७ साली स्वीडनमधील पेर्स्टॉर्प या कंपनीने हा प्रकार विकसित केला आणि पुढे तो जगभर पसरला. साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या या फळीत चार थर असतात. सर्वांत वर मेलामाइन रेझिन आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांचा पारदर्शक, कठीण थर असतो. त्याखाली लाकडाचे रेषे छापलेला कागद असतो. आपण ज्याला सागवान किंवा ओक समजतो ते या कागदावरचे चित्रच होय. त्याखालचा जाड गाभा लाकडाचा बारीक तंतू रेझिनमध्ये मिसळून उष्णता व दाब देऊन बनवलेला असतो. त्याला एचडीएफ म्हणतात. तळाशी फळी वाकू नये म्हणून आणखी एक थर असतो.

या रचनेतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की वरचा थर पाण्याला दाद देत नाही, परंतु गाभा पाणी पितो आणि एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. दुसरी अशी की ही जमीन खाली चिकटवलेली नसते. फळ्या एकमेकींच्या खाचांत अडकवून फोमच्या पातळ थरावर नुसत्या ठेवलेल्या असतात आणि भिंतीलगत, स्कर्टिंगखाली, सुमारे ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा सोडलेली असते. हवेतील दमटपणा वाढला की फळ्या प्रसरण पावतात, कोरड्या दिवसांत आक्रसतात. ही मोकळी जागा त्यासाठीच असते. ती फिलरने किंवा सिमेंटने बुजवली तर पावसाळ्यात फळ्यांना सरकायला वाव राहत नाही आणि मधल्या फळ्या उंबरठ्यासारख्या वर उचलल्या जातात.

आधी निदान, मग उपचार

डबी उघडण्यापूर्वी दिवसाउजेडी जमिनीची तपासणी करावी. डोळ्यांनी पाहावे, तळहाताने चाचपावे आणि अनवाणी पावलाने दाबून पाहावे. भेगांचे साधारण चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार टवक्याचा. जड भांडे पडल्याने किंवा कपाट ओढल्याने वरचा थर उडालेला असतो, गाभा तपकिरी दिसतो, पण फळी पक्की असते. हे काम फिलरचे. ते लवकर केलेले बरे, कारण उघडा पडलेला गाभा रोजच्या पुसण्यातले पाणी शोषू लागतो.

दुसरा प्रकार दोन फळ्यांमधील सरळ फटीचा. ही फट हिवाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. तिच्यात कडक होणारे फिलर भरले तर फळ्या हलताच त्याचे तुकडे होऊन बाहेर येतात आणि रांगत्या बाळाच्या हाती लागतात. अशा वेळी सुताराकडून रबरी हातोड्याने हलके ठोकून फळ्या पुन्हा जुळवून घ्याव्यात.

तिसरा प्रकार फुगलेल्या कडांचा. सांध्याच्या दोन्ही बाजू उचललेल्या दिसतात, कधी काळपट डाग असतो, कधी कुबट वास येतो. याचा अर्थ कोठून तरी पाणी येत आहे. एसीच्या पाण्याची नळी, न्हाणीघराचा उंबरा, पावसाळ्यात गळणारी खिडकी, बाल्कनीचे दार, वरच्या मजल्यावरची गळती, हे सारे तपासावे. वरच्या घरातून पाणी येत असेल तर सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे. येथे फिलर भरणे म्हणजे वर सांगितलेली पू असलेली जखम शिवणे होय.

चौथा प्रकार दबणाऱ्या फळीचा. पाऊल ठेवताच फळी खाली जाते, आवाज करते आणि भेग उघडते. खालची लादी समपातळीत नसते किंवा फळीची खाच तुटलेली असते. अशी फळी बदलणे हाच उपाय.

भगिनींच्या पत्रातील सुतार आणि यजमान हे दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोणती भेग कोणत्या प्रकारची आहे, यावर ते ठरते.

धोका खरा कोणाला?

जमिनीवरून सपाट चालताना धडधाकट माणसाच्या पायाचा अंगठादेखील जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर उंचीवरून पुढे सरकतो. वय वाढले, गुडघे झिजले किंवा कंपवाताने पावले घासत पडू लागली की हे अंतर आणखी कमी होते. मग अर्धा सेंटिमीटर उचललेली कडसुद्धा पाय अडकवण्यास पुरेशी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीपुढील व्यक्तींमध्ये सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचांतील एकजण वर्षभरात आपल्यातून जातो, असे अनेक देशांतील अनुभव सांगतात. जे वाचतात त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांचे पूर्वीसारखे स्वतंत्र हिंडणेफिरणे परत येत नाही. वर्षानुवर्षे स्वतःची कामे स्वतः करणारी आजी एका अडखळण्याने परावलंबी होते, हे माझ्यासारख्या प्रत्येक कुटुंबवैद्याने पाहिलेले आहे.

येथे आपल्या घरांतील एका सवयीबद्दल सांगणे आवश्यक आहे. भेग दिसू नये म्हणून तिच्यावर पायपुसणे किंवा छोटी सतरंजी टाकली जाते. भेग दिसेनाशी होते आणि धोका दुप्पट होतो, कारण गुळगुळीत लॅमिनेटवर सुटे पायपुसणे सरकते आणि त्याची दुमडलेली कड पायात येते. दुरुस्ती होईपर्यंत भेगेवर रंगीत टेप लावून ती ठळक दिसू द्यावी. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवावा.

दुसरा धोका मधुमेहींना. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांच्या नसांची संवेदना मंदावते. लॅमिनेटच्या तुटलेल्या थराची कड धारदार असते. निरोगी माणूस ‘हाय’ म्हणून पाय मागे घेतो, पण संवेदना हरवलेल्या पावलाला कापल्याचे कळतही नाही. दोन-तीन दिवसांनी मोज्यावर किंवा चादरीवर डाग दिसतो तोवर जंतुसंसर्ग सुरू झालेला असतो. म्हणून मधुमेहींनी घरातही मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात आणि रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून पाहावे किंवा घरातील कोणाला तरी पाहायला सांगावे.

तिसरा धोका ओलीचा. फळ्यांखाली साचलेल्या ओलाव्यात बुरशी वाढते. ओलसर, बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शनात नमूद केले आहे. एखाद्याच खोलीत झोपल्यावर मुलाचा खोकला वाढत असेल तर औषध बदलण्यापूर्वी त्या खोलीच्या जमिनीकडे आणि भिंतींकडे एकदा पाहावे.

फॉर्मल्डिहाइडविषयीही अनेकजण विचारतात. गाभ्याच्या रेझिनमधून हा वायू अल्प प्रमाणात बाहेर पडतो. नव्या फळ्यांतून, तसेच उष्ण व दमट हवेत तो अधिक सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. हे वाचून घाबरून जाऊ नये. काही वर्षे जुन्या जमिनीतील एखाद्या लहान भेगेमुळे त्यात फारशी भर पडत नाही. नव्या फळ्या घेताना मात्र वेष्टनावर ‘ई-१’ किंवा त्याहून कडक मानकाची खूण पाहावी आणि त्या बसवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कोणते फिलर निवडावे?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. पाण्यात मिसळणाऱ्या फिलरला वास कमी असतो आणि मुले-वृद्ध असलेल्या घरात तेच पहिल्या पसंतीचे असावे. दुसरा प्रकार सॉल्व्हंटयुक्त फिलरचा. तो लवकर वाळतो, परंतु त्याच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, दम्याची ढास लागू शकते, शिवाय त्या वाफा पेट घेतात. असे फिलर वापरताना देवघरातील निरांजन, उदबत्ती आणि जवळचा गॅस बंद असावा, हे वेगळे सांगायला हवे. तिसरा प्रकार दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या फिलरचा. तो मजबूत असतो, पण त्यातील रेझिन किंवा हार्डनर त्वचेला लागल्यास काहींना ॲलर्जी येते आणि एकदा ती जडली की पुढे किंचित स्पर्शानेही पुरळ उठते. तो वापरायचाच तर नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

आपले सुतार काका पुष्कळदा लाकडाचा भुसा पांढऱ्या गोंदात कालवून लांबी भरतात. फर्निचरसाठी ही युक्ती जुनी आणि चांगली आहे. लॅमिनेटवर मात्र रंग जुळत नाही आणि पाणी लागले की ती सुटते. याऐवजी जमिनीच्या रंगछटेशी जुळणारी लॅमिनेट दुरुस्तीची पेस्ट मिळाल्यास उत्तम.

भरण्याची रीत

कोरडे दिवस निवडावेत. जुलै-ऑगस्टमध्ये फळ्या फुगलेल्या असतात आणि फिलर वाळतही नाही. दिवाळीनंतरचा काळ सर्वांत सोयीचा. बाळाला, गरोदर स्त्रीला आणि दमेकऱ्यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे ठेवावे, खिडक्या उघडाव्यात.

भेगेतील धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी. सुटलेले टवके चिमट्याने उचलावेत, बोटाने उपटू नयेत. किंचित ओल्या फडक्याने पुसून जागा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने फिलर आत दाबत भरावे. जुने एटीएम कार्डही चालते. धातूच्या पात्याने चरे पडतात. खड्डा खोल असेल तर एकदम न भरता दोन-तीन मिलिमीटरचे थर द्यावेत आणि प्रत्येक थर वाळू द्यावा. वाळताना फिलर आक्रसते, म्हणून शेवटचा थर किंचित उंच ठेवावा. आजूबाजूला सांडलेले फिलर ओले असतानाच पुसून टेप काढावी.

बहुतेकांची चूक पुढच्या पायरीवर होते. अखंड लाकडाप्रमाणे लॅमिनेट घासता येत नाही. पॉलिश पेपर बाजूच्या फळीवर फिरला की छापील कागदच निघून जातो आणि दुरुस्तीपेक्षा मोठा डाग कायमचा राहतो. वाळलेल्या फिलरचा उंचवटा अगदी बारीक पेपरने, फक्त तेवढ्याच जागी, हलक्या हाताने घासावा. घासताना एन-९५ मास्क लावावा. लाकडाची धूळ नाक-घशाला त्रास देते आणि वर्षानुवर्षे तिच्यात काम करणाऱ्यांना नाकाच्या कर्करोगाचा धोका असतो हे सिद्ध झालेले आहे. घरच्या एका दिवसाच्या कामात तेवढा धोका नाही, पण आपल्याकडे येणाऱ्या सुतारालाही मास्क देण्याची आठवण ठेवावी, कारण त्याचे हे रोजचेच काम आहे. पंखा बंद ठेवावा आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. शेवटी नखाने व तळहाताने चाचपावे. कड जाणवली तर काम अपुरे आहे असे समजावे.

डबीवर लिहिलेला वेळ झाला तरी चोवीस तास त्या जागेवर वावर टाळावा. डबी घट्ट बंद करून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

काम करणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यावी. गुडघ्यांखाली जाड उशी घ्यावी, दर दहा-पंधरा मिनिटांनी उठावे, आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी उठताना क्षणभर बसून मग उभे राहावे, अन्यथा भोवळ येते. पन्नाशीपुढील गुडघेदुखीच्या रुग्णांनी हे काम तरुणांवर सोपवलेले बरे.

काही झालेच तर

कुसळ पायात गेल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी आणि स्वच्छ चिमट्याने ते ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने ओढावे. पाय पाण्यात भिजत ठेवू नये, लाकूड फुगून तुटते. कुसळ खोल असेल, आत तुटले असेल किंवा रुग्ण मधुमेही असेल तर घरी टोकरत बसू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. दर दहा वर्षांनी तिची मात्रा घ्यावी लागते. फिलर डोळ्यांत गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बाळाने फिलर गिळल्याचा संशय आल्यास उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. तोंडातील अवशेष पुसून, डबी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. श्वास घेण्यास त्रास होत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्येष्ठ व्यक्ती पडल्यास हाताला धरून लगेच उभे करण्याची घाई करू नये. खुब्यात किंवा मांडीत तीव्र वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हालचाल न करता रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर वरून बरे दिसत असले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

पुन्हा भेग पडू नये म्हणून

लॅमिनेटवर बादली ओतून लादी पुसण्याची आपली पद्धत चालत नाही. घट्ट पिळलेल्या फडक्याने किंवा मॉपने पुसावे आणि सांडलेले पाणी लगेच टिपावे. घरकामास येणाऱ्या ताईंना हे एकदा नीट समजावून सांगावे, कारण त्यांच्या हाती लादीचीच सवय असते. जमिनीला मेण किंवा तेलकट पॉलिश लावू नये, त्याने चकाकी येते आणि पाय घसरतो. कपाट-खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावावेत.

भरलेली भेग दोन-तीन महिन्यांत पुन्हा उघडली, तर तिसऱ्यांदा डबी उघडू नये. परत परत येणाऱ्या तापाला आम्ही पॅरासिटामॉलवर ठेवत नाही, कारण शोधतो. तीच शिस्त येथे पाळावी आणि फळी उचलून खाली पाहावे.

येत्या रविवारी एवढेच करा. सकाळच्या उजेडात घरभर अनवाणी फिरा आणि जिथे पाऊल अडखळते, टोचते किंवा दबते त्या जागी खडूने खूण करा. मग त्याच वाटेने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सावकाश चालायला सांगा आणि शेजारून चालत तिची पावले पाहा. कोणती भेग आधी दुरुस्त करायची, हे ती पावलेच सांगतील.